दुसऱ्या कपात साखर नाही

मंडईच्या मागच्या अंगाला, जिथं मेथी-कोथिंबिरीचा वास संपतो आणि काचसामानाचा किणकिणाट सुरू होतो, तिथं रामदासकाकांचं कपबश्यांचं दुकान आहे. पुढं मांडलेले अखंड सेट, गुलाबाच्या नक्षीचे, सोनेरी काठाचे. मागं एका टोपलीत सुटे कप. कुणाची बशी फुटलेली, कुणाची जोडी हरवलेली. टोपलीवर खडूनं लिहिलेली पाटी: ‘सुट्या कपाची बशी मागू नये. असती तर आम्हीच लावली असती.’

परतीचा पाऊस दुपारपासून येऊन-जाऊन होता. दीपमाला दुकानात शिरली ती छत्री विसरली होती म्हणून. शिरलोच आहोत तर काहीतरी बघावं, म्हणून ती टोपलीशी वाकली. तळाशी एक कप होता, पांढरा, काठाला निळी रेघ, जणू कुणी संध्याकाळ बोटानं ओढून ठेवलेली. तिनं त्याच्या कानात बोट घातलं... आणि कप हलेना. दुसऱ्या बाजूनं कुणाच्या तरी मुठीत तो आधीच होता.

तिनं आधी हात पाहिला. अंगठ्याच्या नखात रंग सुकलेला. मनगटावर भाजल्याची जुनी खूण, चंद्रकोरीसारखी.

हा हात तिच्या ओळखीचा होता.

रामदासकाकांनी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. “एका कपात दोघांचं भागत असेल तर दोघं मिळून घ्या. नाहीतर बाहेर जाऊन ठरवा. मागं गिऱ्हाईक खोळंबलंय.”

मागं गिऱ्हाईक नव्हतं. नुसता पाऊस उभा होता.

“घ्या तुम्ही,” तो म्हणाला. “माझ्याकडे आहेत कप.”

आवाजही तोच. ती बोलून गेली, “दोनच तर आहेत. त्यातल्या एकाला चीर गेलीय... कानाच्या खाली.”

तो बघतच राहिला. मग त्याचे कान लाल झाले, आणि ती लाली हळूहळू गालापर्यंत उतरली. “चीर कशी दिसली तुम्हाला? मी चेहरासुद्धा दाखवत नाही कधी.”

“चेहरा बघायचा राहिलाच होता,” ती म्हणाली, आणि मग स्वतःच्या धिटाईनं स्वतःच दचकली.

कप तिनं सोडून दिला. तो नको-नको म्हणत राहिला, तेव्हा ती म्हणाली, “तुम्हीच न्या. तुमच्याकडे राहिला तर मला रोज दिसेल. माझ्याकडे राहिला तर तुम्हाला कसा दिसणार?”

एवढं बोलून ती पावसात निघालीसुद्धा. तो दुकानाच्या पायरीवर कप छातीशी धरून उभा, आणि मागून काकांचा आवाज: “पैसे देऊन मग वाट बघा.”

*

दीपमालाचं काम तिच्या आईला अजून समजलेलं नव्हतं. “म्हणजे तू दिवसभर लोकांचे व्हिडिओ बघतेस, आणि वर त्याचा पगार देतात?” कर्वेनगरच्या त्यांच्या सोसायटीत कुणी विचारलं तर आई सरळ ‘कम्प्युटरमध्ये आहे’ म्हणून मोकळी व्हायची.

काम होतं ते सोयरीक जुळवण्याचं. कंपनीला आपला माल लोकांच्या मनात उतरवायचा असतो. फोनवर काही माणसं अशी असतात की ती बोलली की लोक ऐकतात. त्यातलं कुठलं स्थळ कुठल्या कंपनीला शोभेल, हे हडपसरच्या त्या काचेच्या इमारतीत बसून दीपमाला आणि तिची मैत्रीण पूर्णिमा बघायच्या. नुसती गर्दी बघून भुलायचं नाही. गर्दी विकतही मिळते. माणूस कसा बोलतो, पूर्वी काय बोलला, त्याच्यामागची माणसं त्याच्यासाठी थांबतात की येता-जाता डोकावतात, हे सगळं पारखायचं. दीपमाला कमेंट वाचायची. हजारो कमेंट. तांदूळ निवडावेत तशी ती खडे आणि दाणे वेगळे करायची, आणि खोटा दाणा तिच्या बोटाला आपसूक कळायचा.

सध्या ‘सांजवेळ’ नावाच्या चहा कंपनीसाठी स्थळ बघणं चाललं होतं. यादीत तीन नावं उरली होती. त्यातलं तिसरं म्हणजे हा हात.

अभय साळवे. एका खाजगी शाळेत चित्रकला शिकवायचा; शाळेनं तो विषयच बंद केला आणि तो घरी बसला. रोज संध्याकाळी तो चहा करायचा. पातेलं, आलं, दूध, आणि मग दोन कप. एक स्वतःसमोर, एक समोरच्या रिकाम्या जागेपुढं. चेहरा नाही, फक्त हात. आणि त्याच्या आईच्या चालीत, जात्यावरच्या ओवीसारख्या त्यानंच बांधलेल्या दोन ओळी:

*कपाला कान एक, ऐकेना माझं काही*
*दाराला कडी नाही, येणारं कोणी नाही...*

निवड होईपर्यंत स्थळाशी बोलायचं नाही, असा कचेरीचा नियम होता. मुलाला आधीच बाजारात गाठून ‘चहा बरा करता हो’ म्हणावं, तसलं ते झालं असतं. दीपमालानं मंडईची गोष्ट कुणाला सांगितली नाही. पण दुसऱ्या संध्याकाळी व्हिडिओ लागला, रिकाम्या जागेपुढं निळ्या काठाचा कप आला, आणि ती खुर्चीत उगाचच सावरून बसली... जशी कुणी ‘या’ म्हटल्यावर पाहुणी सावरून बसते.

*

कंपनीच्या शर्मिला मॅडम स्वतः आल्या होत्या. बाई हुशार, मोजकं बोलणाऱ्या, आणि समोरचा बोलतो तेव्हा खरोखर ऐकणाऱ्या.

पहिलं नाव होतं स्वयंपाकाचे व्हिडिओ करणाऱ्या एका बाईंचं. मागं लाखो लोक. दीपमालानं सांगितलं की हे वऱ्हाड भाड्याचं आहे. कमेंट सगळ्या एका दमात आलेल्या, एका चालीच्या, आणि लिहिणाऱ्यांची गावं अशी की तिथं मराठी सोडा, आपली चहाची पूडसुद्धा पोचली नसेल. दुसरा एक विनोदी मुलगा. त्याची माणसं खरी, पण गेल्याच महिन्यात तो कॉफीच्या गळ्यात माळ घालून बसलेला. “बिजवर आहे, मॅडम,” पूर्णिमा म्हणाली, आणि मॅडमही हसल्या.

मग तिसरं. माणसं थोडी. मॅडमनी भुवई उचलली.

दीपमालानं त्यांना कमेंट वाचून दाखवल्या. एका बाईंनी लिहिलं होतं, मुलगा परदेशी गेल्यापासून मी एकच कप काढायचे, आज दोन काढले. एका मुलानं लिहिलं होतं, नापास झालोय, घरी सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगतोय. एका आजोबांनी नुसतं एक नाव लिहिलं होतं. रोज, प्रत्येक व्हिडिओखाली, तेच एक नाव.

“लोक याच्याकडे चहा बघायला येत नाहीत,” दीपमाला म्हणाली. “रिकाम्या जागेकडे बघायला येतात. दुसऱ्या कपापुढं कोणी नसतं, म्हणून तिथं ज्याला त्याला आपलं माणूस बसवता येतं.”

मॅडमनी यादीतली पहिली दोन नावं खोडली. मग म्हणाल्या, “हेच. आपल्याला जपायचं आहे ते हेच.”

असं त्याचं लग्न लागलं, चहाशी. दीपमालाच्या त्या एका वाक्यावर. आणि त्याच वाक्यातून करारातली एक अट निघाली: वर्षभर दुसऱ्या कपापाशी कोणी दिसता कामा नये, कोणी आहे असं सुचवलंही जाता कामा नये. तो मजकूर मॅडमच्या कचेरीतून आला तेव्हा दीपमालानंच तो तपासला. तिला तो बरोबर वाटला. धंद्याच्या हिशेबानं तो बरोबरच होता.

अभय सही करायला हडपसरला आला. तिला बघून दारातच थांबला. “अच्छा... म्हणजे मंडईत तुम्ही कप घ्यायला आला नव्हता.”

“पाऊस होता.”

“पावसाला साक्षीला बोलवायचं का?”

“बोलवा. पण तो वेळेवर येत नाही.”

तो हसला. मग ती अट त्यानं मोठ्यानं वाचली, आणि कागदावरून नजर उचलून तिच्याकडे, जेवढा वेळ बघायला हवं त्याहून किंचित जास्त बघत म्हणाला, “याची काळजी नको. माझ्याकडे कोण येणार आहे?”

त्याच्याकडे पेन नव्हतं. दीपमालानं आपलं दिलं.

*

प्रत्येक व्हिडिओ लोकांपुढं जाण्याआधी कचेरीतल्या कुणीतरी बघायचा, हा रिवाज. ते काम दीपमालाकडे आलं. तिचं घर कर्वेनगरला, त्याची खोलीही कर्वेनगरलाच, गच्चीला लागून. तेव्हा कचेरीतून घरी जाताना वाट वाकडी करून ती जायची. पहिल्यांदा दारात उभी राहून. मग स्टुलावर बसून. मग... कशी कोण जाणे, जमिनीवर, भिंतीला टेकून, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा बेतानं, पण दुसऱ्या कपाच्या अगदी जवळ.

खोलीला एकच खिडकी. तिच्यातून समोरच्या गुलमोहराची एक फांदी आत यायची आणि पंख्याच्या वाऱ्यानं हलायची. त्यानं एकदा विचारलं होतं, रोज दोन कप का करतो माहीत आहे? आणि मोठं गुपित सांगावं तसा जवळ वाकून म्हणाला, “आईनं माप शिकवलं ते दोघांचं. एकाचा चहा मला करताच येत नाही. पहिल्या दिवशी उरला, म्हणून दुसरा कप मांडला. लोकांनी त्यात काय काय बघितलं.”

“हे कुणाला सांगू नका,” ती म्हणाली. “माझी नोकरी जाईल.”

दोघं इतके हसले की त्या दिवशीचा व्हिडिओ दोनदा करावा लागला.

कप कॅमेऱ्यापुढं असेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. वाफ सरायची, साय धरायची, तो ओवी म्हणायचा, आणि मग ‘झालं’ म्हणून फोन बंद करायचा. तेव्हा कुठं ती तो कप उचलायची. तोवर चहा गार. पण तिला गार चहाची सवय लागली. पुढं पुढं कचेरीत वाफाळता चहा आला की ती तो बाजूला ठेवून वाट बघायची; पूर्णिमा म्हणायची, “अगं, त्याला ताप आलाय का, उतरायची वाट बघतेस ती?”

आणि ती बिनसाखरेचा प्यायची. हे त्याला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, न विचारता. तेव्हापासून दुसऱ्या कपात साखर पडत नसे.

एका संध्याकाळी तो ओवी बांधत होता आणि दुसरी ओळ सापडत नव्हती. दीपमाला खिडकीकडे बघत म्हणाली, “ती ओळ राहू दे अर्धीच.”

“अर्धी कशी राहील?”

“मी आहे ना इथं... म्हणजे, सुचेल मला.”

त्यानं चहा गाळला. कप ठेवता ठेवता त्याची करंगळी तिच्या करंगळीला लागली, आणि तिथंच राहिली. फोन चालू होता. फोनला दिसत होता तो फक्त चहा.

“तुला ‘तुम्ही’ म्हणायचा कंटाळा आला,” तो हळूच म्हणाला.

“मग म्हणू नकोस.”

तो व्हिडिओ त्यांनी कुणाला दाखवला नाही. पुसून टाकला.

कांताबाईंना, त्याच्या आईला, ती हडपसरला जाऊन भेटली तेव्हा त्यांनी ‘जय भीम’ म्हणून तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि सोडलेच नाहीत. दोन्ही घरांत वंदना एक, भिंतीवरचा निळ्या कोटातला फोटो एक. कांताबाईंनी मुलाला सांगून टाकलं होतं की त्या दुसऱ्या कपाला आता मालकीण आण. जात आड नव्हती. घर आड नव्हतं. नशीबही, इतके दिवस तरी, आड आलं नव्हतं. आड होता तो एक कप.

*

बघणाऱ्यांचे डोळे कुणाला चुकलेत?

आधी एकीनं लिहिलं: दादा, आजकाल दुसऱ्या कपात साखर घालत नाही तुम्ही. मग दुसऱ्यानं जुने व्हिडिओ काढून पाहिले: खरंच की. निळा कप आला, त्यानंतर थोड्याच दिवसांत बंद झाली. मग लोक चेवानं लागले. कुणाला साखर चालत नाही? कोण आहे ती? आवाजात हसू आहे बघा. एकीनं लिहिलं, सुखी दिसताय, छान वाटलं. आणि पुढं: पण आता इथं आल्यावर रडू येत नाही.

दीपमालानं ती कमेंट वाचली. ही बाई परत येणार नाही, हे तिला पारखणाऱ्या बोटांनी सांगितलं. आली नाही. तिच्यासारखी आणखीही आली नाहीत. रोज नाव लिहिणाऱ्या आजोबांनी नाव लिहिणं थांबवलं. जागा भरलेली आहे, हे त्यांना समजलं होतं.

शर्मिला मॅडमचा फोन आला. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“दीपमाला, तू तिथं जातेस. मला सरळ सांग. कोणी आहे का त्याच्या आयुष्यात?”

काचेबाहेर हडपसरचा रस्ता वाहत होता, रिक्षा, बस, दुचाकी, कुणी कुणासाठी न थांबता. दीपमालाला वाटलं, आता एक शब्द. नुसता ‘हो’. पण त्या ‘हो’ पाठोपाठ काय येईल ते तिला पाठ होतं. एकटी गड चढणारी एक मुलगी तिनंच एका कंपनीला शोधून दिली होती. तिचं लग्न झालं, नवरा बरोबर चढू लागला. अभिनंदनाचा पाऊस पडला, आणि मग सगळं कोरडं. ती मुलगी आता कुठं आहे, कुणाला माहीत नव्हतं. आणि अभयकडे परत जायला शाळाही नव्हती.

“नाही,” दीपमाला म्हणाली. “कोणी नाही.”

“मग त्याला सांग, साखर घाल म्हणावं.”

*

तिनं सांगितलं. उभ्यानं, चप्पल न काढता.

अभय पातेल्यात आलं किसत होता. किसणी खाली ठेवून तो म्हणाला, “आणि तू काय म्हणालीस त्यांना?”

“कोणी नाही म्हणाले.”

पाणी उकळत होतं. दोघांनी ते उकळू दिलं.

“उद्या समोर येऊन बस,” तो म्हणाला. “कप उचल. गरम असताना. बस, एवढंच कर. मोडला करार तर मोडला.”

“आणि लोक गेले की?”

“जाऊ देत. भिंती रंगवीन, चित्रांच्या शिकवण्या घेईन. चहा तर राहील ना दोघांचा.”

“तुला माहीत नाही, अभय. मी पाहिलंय. आधी टाळ्या वाजवतात. मग महिनाभरात तुझं नावसुद्धा आठवत नाही कुणाला. मग तू त्या रिकाम्या फोनकडे बघत बसशील, आणि एक दिवस... एक दिवस माझ्याकडे बघशील, की हिच्यामुळं.”

“असं मी म्हणालो कधी?”

“सगळेच असं लिहितात. नंतर.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. उमेद उतरत चालली होती, पातेल्यातलं पाणी आटत होतं तशी.

“तुला माझ्यापेक्षा त्या कमेंट खऱ्या वाटतात,” तो म्हणाला.

तिनं ‘नाही’ म्हणायला हवं होतं. ओठांपर्यंत आलंही. पण ती खोटा दाणा ओळखणारी बाई होती, आणि तिच्याच तोंडातला तो दाणा तिला खोटा वाटला.

“वर्ष संपेपर्यंत थांबू,” ती म्हणाली. “मी येत नाही तोवर. मग बघू.”

“वर्ष संपलं की ते परत कागद आणतील.”

“नको करूस सही.”

“तसं तू सांगशील तेव्हा? की तेव्हाही आकडे विचारशील?”

ती जिना उतरली. खालच्या वळणावर थांबली. वरून ओवीचा आवाज येईल, हाक येईल, काहीतरी येईल. आला तो चमच्याचा आवाज. कपात साखर ढवळल्याचा.

*

त्यानंतर तिनं त्याचे व्हिडिओ हडपसरलाच बसून पाहिले, खुर्चीत, कानाला हेडफोन लावून. निळ्या कपात चमचाभर साखर पडायची. हात तेच, पण पातेलं उतरताना पूर्वी जी एक लय असायची ती गेली होती. कधी चहा उतू जायचा. कधी तो ओवी अर्ध्यावर सोडायचा, आणि दुसरी ओळ यायचीच नाही. ‘ती ओळ राहू दे अर्धीच.’

तिनं फोन केला दोनदा. तो नीट बोलला, जेवलीस का म्हणून विचारलं. मग म्हणाला, “दीपा, फोनवर नको. फोनवर तू ऑफिससारखी बोलतेस.”

लोक परतले. आधी गेलेले, मग नवे, मग त्या नव्यांचे ओळखीचे. आजोबांचं नाव परत उमटलं. मध्यंतरी जी कुणी ‘रडू येत नाही’ म्हणाली होती, तीही आली. लिहिलं, आज आलं. आता कमेंटची इतकी रीघ लागली की अभयला उत्तरं देणं झेपेना. तेव्हा कचेरीनं ते काम अंगावर घेतलं आणि त्याच्या खात्याच्या किल्ल्या पूर्णिमाकडे आल्या. रोज कोण नवी उत्तरं सुचवणार? म्हणून दीपमालानं तिला आठ-दहा वाक्यं लिहून दिली. मायेची, साधी, त्याच्या बोलण्यातली. त्याचं बोलणं तिच्याइतकं कुणाला येत होतं?

वर्ष सरत आलं. शर्मिला मॅडम खूष होत्या. कंपनीनं निळ्या काठाचे कप करवून घेतले होते. चहाच्या मोठ्या पुड्याबरोबर एक कप मोफत, मुद्दाम बशीवाचून. रामदासकाकांनी दुकानातली सुट्या कपांची टोपली आत सरकवली होती. दीपमाला एकदा उगाच डोकावली तेव्हा काकांनी तिला ओळखलं, किंवा ओळखल्यासारखं केलं. “तेव्हाच घ्यायचा होता,” म्हणाले, आणि पेपर उलटला.

कंपनीला करार दोन वर्षांसाठी वाढवायचा होता. पण स्थळ पुन्हा पारखायचं, हा रिवाज. शेवटचा शब्द दीपमालाचा.

“एकच शंका,” मॅडम म्हणाल्या. “हे दुःख तो करून तर दाखवत नाही ना? लोकांना कळतं ते. तुला काय वाटतं, खरं आहे?”

पूर्णिमा तिच्याकडे बघत होती. समोर पडद्यावर दोन हात थांबलेले, मनगटावर चंद्रकोर. दीपमालाला वाटलं, म्हणावं खोटं आहे. म्हणावं हा माणूस खोटा आहे, याला सोडून द्या. एका खोट्या शब्दानं तो सुटला असता. पण ज्याच्याबद्दल एकदा ‘कोणी नाही’ म्हणून झालं, त्याला आता खोटाही म्हणायचं? एवढं एक तिच्यानं होईना.

“खरं आहे,” ती म्हणाली. “अगदी खरं.”

कागद घेऊन पूर्णिमा कर्वेनगरला गेली. परत आल्यावर सांगू लागली की काय साधा माणूस गं, कागद वाचलासुद्धा नाही. एवढंच विचारलं, ‘यावर दीपमाला काय म्हणाल्या?’ मी म्हटलं, त्यांनीच तर तुमचं नाव उचलून धरलं. मग लगेच सही केली.

“काही म्हणाला?”

“नाही. हां... पेन नव्हतं त्याच्याकडे. माझं दिलं.”

*

त्या संध्याकाळचा व्हिडिओ आला तेव्हा कचेरीत दिवे लागले होते. बाहेर पुन्हा परतीचा पाऊस, येऊन-जाऊन. पातेलं, आलं, दूध. दोन कप. पहिल्यात साखर पडली. मग चमचा निळ्या कपापर्यंत आला, थांबला... आणि डब्यात परत गेला. डब्याचं झाकण लागलं. रिकाम्या जागेकडे बघत त्यानं म्हटलं, या वेळी दोन्ही ओळी पुऱ्या:

*साखरेविना गोड होतं, तुझं बाजूला बसणं*
*साखर घालून कडू झालं, आता रोजचं हसणं...*

मॅडमचा निरोप आला: बिनसाखरेचाच राहू दे. हे सुंदर आहे.

कमेंट पावसासारख्या कोसळू लागल्या. दीपमालानं कानावरचा हेडफोन काढला. टेबलावरचा चहा केव्हाचा गार झाला होता. तिनं तो एका घोटात संपवला. मग आपला फोन घेतला. स्वतःच्या नावानं तिनं कधी कुणाखाली एक अक्षर लिहिलं नव्हतं. पारखणाऱ्यानं लिहू नये. तिनं लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. माझं चुकलं... पुसलं. तू खरा होतास, मी... पुसलं. शेवटी उरलं ते एवढंच:

*येऊ का?*

आणि पाठवून दिलं. तिचं ते वाक्य वर क्षणभर दिसलं, मग खाली सरकलं. त्याच्या वर आणखी कुणाचं ‘येऊ का?’ आलं. मग आणखी एक. मग एका मुलीचं, ‘आम्ही येऊ का दादा चहाला?’

दोन टेबलं पलीकडे पूर्णिमाची बोटं चालत होती. टक. टक. टक.

“अगं बघ ना,” ती न वळता म्हणाली, “आज सगळ्यांनाच जायचंय त्याच्याकडे. ‘येऊ का’वाल्यांना तुझं ते चौथं उत्तर देते, हां? तेच बरं बसतं.”

टक.

दीपमालाचा फोन हातात थरथरला. निळ्या काठाच्या कपाचं चित्र, त्यापुढं त्याचं नाव, आणि खाली त्याच्या बोलीत, तिच्याच हातचं:

*‘जागा तुमचीच आहे. असंच प्रेम राहू द्या. भेटू उद्या, चहाच्या वेळी.’*

तिनं ते वाचलं. पारखणारं बोट एकदा त्यावरून फिरवलं. मग फोन पालथा घातला आणि रिकामा कप हातात धरून ती बसून राहिली. बाहेर पाऊस थांबला होता. तरी तिला निघावंसं वाटेना.